किकऑफचा मुहूर्त

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या हंगामाचा निकाल आधी लागतो आणि सामने नंतर होतात. ऑगस्टच्या मध्यावर असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था साठेक क्रीडापत्रकारांचा कौल घेते आणि पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी जाहीर करते. त्या दिवसापर्यंत एकाही संघाने एकही सामना खेळलेला नसतो. कित्येकांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, नवा असतो, काहींचा प्रशिक्षक नवा असतो आणि बरीचशी पोरं गेल्या वर्षी भलत्याच कॉलेजात असतात. पण यादी येते, १९५० सालापासून दर वर्षी येते, आणि ती आली की ‘आम्ही सातवे कसे काय?’ या विषयावर देशभर दोन आठवडे भांडता येतं. यादीचा उपयोग तेवढाच, पण तो काही थोडा नाही.

२०२५ च्या यादीत टेक्सास पहिलं होतं. टेक्सासचा फुटबॉल शंभर वर्षांहून जुना, पण हंगामाआधीच पहिला नंबर त्यांना इतिहासात प्रथमच मिळाला. दुसरं पेन स्टेट, तिसरं ओहायो स्टेट, चौथं क्लेमसन. आम्ही कोलंबसला राहतो, म्हणजे तिसऱ्यांच्या गावात. आमच्या घरातलं कोणीही ओहायो स्टेट विद्यापीठात शिकलेलं नाही. तरी जानेवारीत अजिंक्यपद मिळवलेल्या संघाला ऑगस्टमध्ये तिसरा नंबर, हा अन्याय आमच्या घरात जेवताना तीन दिवस चघळला गेला.

शेजारचे आजोबा तर पार दुखावले होते. (आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात, आणि आता तेही स्वतःला तसंच म्हणवून घेतात.) निवृत्त पोस्टमन आहेत. विद्यापीठात तेही शिकलेले नाहीत. तिथली पत्रं मात्र त्यांनी आयुष्यभर वाटली. शनिवारी सामना असला की त्यांच्या गळ्यात बकाय बियांची माळ असते. बकाय हे ओहायोचं झाड. त्याची बी तपकिरी, गुळगुळीत, वर एक फिकट ठिपका, आणि खाल्ली तर विषारी. या बीच्या नावावरून संघाचं नाव पडलं. मैदानात नाचणारा संघाचा शुभंकरही डोक्याच्या जागी एक भलीमोठी बी घेऊन फिरतो. इतर गावांनी वाघ, बैल, गवे निवडले. आमच्या गावाने बी निवडली, आणि तिच्यासाठी एक लाखावर माणसं दर सामन्याला घसा बसवून घेतात.

खेळ समजायला सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याला. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की सहा गुण, त्याला टचडाउन म्हणतात. पाय चेंडूला क्वचितच लागतो. घड्याळात साठ मिनिटं असतात, पण ते सतत थांबतं, त्यामुळे सामना साडेतीन तास चालतो. त्यात प्रत्यक्ष धावपळ फार थोडी, बाकी सगळी चर्चा. मराठी माणसाला हा खेळ पटकन आवडतो याचं मला नवल वाटत नाही.

अवघड आहे तो खेळाभोवतीचा कारभार. ‘ही विद्यार्थ्यांची हौस आहे, इथे पैशाला हात लावायचा नाही,’ असं अनेक पिढ्या सांगितलं गेलं. हे सांगणाऱ्या प्रशिक्षकांचे पगार त्याच काळात विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या पगाराच्या पुढे गेले. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली. २०२५ च्या जुलैपासून तर विद्यापीठच त्यांना थेट पैसे देऊ लागलं. सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आता पोरं दर वर्षी कॉलेज बदलू शकतात आणि बदलतात.

संघांच्या गटांचीही तीच तऱ्हा. ‘बिग टेन’ या गटात अठरा विद्यापीठं आहेत. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये सोळा. ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि कॅल आहेत, म्हणजे पॅसिफिकच्या बाजूची दोन विद्यापीठं. टीव्हीची कंत्राटं जशी हलली तसे समुद्र हलले. प्रत्येक विद्यापीठात गणिताची माणसं असतात, भूगोलाचीही असतात. त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही.

यातलं काहीही पहिल्या शनिवारी कोणाच्या डोक्यात नसतं. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरची सुरुवात, लेबर डेची सुट्टी जोडून आलेली, हवेत अजून उकाडा. जानेवारीपासून खेळ बंद, त्यामुळे लोक सात महिने उपाशी. पहाटेपासून स्टेडियमभोवतीच्या वाहनतळांवर गाड्यांची मागची दारं उघडतात, शेगड्या पेटतात, सकाळी सात वाजता बिअर पिणं त्या एका दिवसापुरतं सभ्यपणात मोडतं. याला टेलगेट म्हणतात. अनोळखी माणूस रस्त्यापलीकडून ‘ओ-एच!’ असं ओरडतो. आपण ‘आय-ओ!’ असं ओरडून उत्तर द्यायचं. नाही दिलं तर तो मनुष्य काळजीत पडतो.

२०२५ चा पहिला शनिवार ३० ऑगस्टचा. सामना कोलंबसमध्ये, १९२२ साली बांधलेल्या त्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियममध्ये. प्रतिस्पर्धी साक्षात पहिल्या नंबरचं टेक्सास. किकऑफ, म्हणजे सामन्याची सुरुवात, दुपारी बारा वाजता. आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी होती बुधवारी, २७ ऑगस्टला. परदेशात गणपती बुधवारी घरी येतो, पण मंडळात शनिवारीच येतो. तेव्हा आमच्या मराठी मंडळाचा सार्वजनिक गणपतीही ३० तारखेला. शाळेचं उपाहारगृह भाड्याने घेतलेलं होतं, ढोलवाल्या मुलामुलींची तालीम झालेली होती, आचाऱ्याला आगाऊ रक्कम गेलेली होती.

हा पेच जुलैच्या बैठकीत लक्षात आला. मी कार्यक्रम समितीत असल्यामुळे ती बैठक मला जवळून बघायला मिळाली. अध्यक्षबाईंचं म्हणणं, देवापुढे फुटबॉल काय? खजिनदारांचं म्हणणं, देवापुढे फुटबॉल काहीच नाही, पण फुटबॉलपुढे शंभर कुटुंबांपैकी किती येतील आणि मसालेभात किती उरेल, हे सांगा. नेहमीप्रमाणे कार्यक्रम अकराला ठेवावा, म्हणजे तो बाराला सुरू होईल, म्हणजे नेमका किकऑफ. आठला ठेवावा तर मराठी माणूस शनिवारी आठला अंथरुणात असतो. शेवटी सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं.

आमचे गुरुजी आठवडाभर एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार पौरोहित्य करतात. दोन्ही कामं ते चोख करतात. त्यांनी फोनवर पंचांग काढलं आणि अत्यंत शांतपणे नवा पेच टाकला. म्हणाले, “शनिवारी राहुकाळ असतो.”

राहुकाळ रोजच असतो, हे आम्हाला माहीत होतं. भारतात कॅलेंडरवर शनिवारचा राहुकाळ सकाळी नऊ ते साडेदहा असा छापलेला असतो. पण गुरुजी डेटाबेसवाले. ते म्हणाले, ते गणित सकाळी सहाला सूर्य उगवतो असं धरून केलेलं आहे. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे आठ भाग करायचे, शनिवारी तिसरा भाग राहूचा. कोलंबसला ऑगस्टच्या शेवटी सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि रात्री आठनंतर मावळतो. त्यांनी हिशोब करून दाखवला: राहुकाळ सुमारे सव्वादहाला सुरू, बाराला सात-आठ मिनिटं कमी असताना समाप्त.

म्हणजे राहू नेमका किकऑफच्या आधी उठून जात होता. पूजा एक तर सव्वादहाच्या आत आटपायची, नाहीतर बाराला सुरू करायची. बारा हा शब्द उच्चारताना गुरुजींचा स्वर जरा खाली आला. पूजा सकाळी साडेआठला करावी असा ठराव एकमताने संमत झाला. अध्यक्षबाई इतकंच म्हणाल्या, “साडेआठला कोण येतंय ते मीही बघते.”

सव्वाआठला वाहनतळ भरलेला होता.

मंडळाच्या स्थापनेपासून असं घडलेलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला दीड तास उशिरा येऊन ‘अजून सुरू नाही का झालं?’ असं विचारणारी कुटुंबं नेसून-सजून सव्वाआठला हजर. पोरांच्या कुडत्यांच्या गळ्यातून खालचे लाल जर्सीचे काठ दिसत होते. एका वहिनींची पैठणी लाल आणि करडी, म्हणजे संघाच्याच रंगांची होती. विचारलं तर म्हणाल्या, योगायोग आहे, पण म्हणताना त्यांनी पदर सारखा केला. ढोल वेळेवर वाजले. मूर्ती वेळेवर बसली. आरत्या मूळ चालीत, मूळ लयीत, एकही कडवं न गाळता झाल्या, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर गावात वेगळंच पसरलं होतं. शेवटी कोणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणाल्यावर ‘मोरया’चा गजर झाला, आणि तो विरतोय तोच मागच्या ओळीतून एक बारीक आवाज आला, ‘ओ-एच!’ सभागृहाने उत्तर दिलं. अध्यक्षबाईंनीही दिलं, मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

घड्याळात तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं. प्रोजेक्टर लावायचा की नाही यावर दोन तट पडले: टीव्ही लावणं हे शुभकार्य आहे का, आणि असल्यास राहुकाळात चालेल का? गुरुजींनी निवाडा दिला, “राहुकाळात नवं काम सुरू करू नये. आधी सुरू केलेलं चालू राहिलं तर हरकत नाही.” दहा वाजून बारा मिनिटांनी प्रोजेक्टर सुरू झाला. पडदा समोरच्या भिंतीवर होता, त्यामुळे बाप्पाला सरळ दिसत होतं.

पडद्यावर स्टेडियमबाहेरचा, सामन्यांचे अंदाज सांगणारा प्रसिद्ध सकाळचा कार्यक्रम चालू होता. त्यात ली कोर्सो नावाचे गृहस्थ १९८७ पासून बसत होते. वय वर्षं नव्वद, आणि हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम. १९९६ साली त्यांनी याच कोलंबसमध्ये पहिल्यांदा संघाचा अंदाज सांगताना शुभंकराचं डोकं, म्हणजे ती भलीमोठी बी, स्वतःच्या डोक्यावर चढवली होती. तेव्हापासून दर शनिवारी एक मुंडकं. त्या दिवशी निरोप घेतानाही त्यांनी तेच पहिलं मुंडकं घातलं. त्यांनी त्या दिवशी सहा सामन्यांचे अंदाज सांगितले आणि सहाच्या सहा बरोबर आले. या गोष्टीने फार मोठं नुकसान केलं आहे. नव्वदाव्या वर्षी एका माणसाचे सगळे अंदाज बरोबर ठरल्यामुळे सभागृहातल्या चाळिशीच्या प्रत्येक पुरुषाला आपलेही ठरतील अशी खात्री वाटू लागली.

शेजारचे आजोबा साडेअकराला आले. हातात ताटभर बकाय गोळ्या. या खायच्या, शेंगदाण्याच्या लोण्याचा गोळा चॉकलेटात बुडवायचा, वर थोडा उघडा ठेवायचा, की बीसारखा दिसतो. त्यांनी ताट कुठे ठेवायचं विचारलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत मोदकांच्या शेजारी ठेवलं. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं, “अंडं?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “शेंगदाणा चालतो.” एकाच्या गळ्यात रुद्राक्ष, एकाच्या गळ्यात बकाय, दोघं पुढच्या रांगेत शेजारी बसले आणि सामना संपेपर्यंत उठले नाहीत.

सामना कसा झाला ते थोडक्यात. टेक्सासचा क्वार्टरबॅक होता आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, सगळे नामांकित क्वार्टरबॅक. फुटबॉलमधलं हे घराणंच. या पोराला हंगामाआधीच देशाने डोक्यावर घेतलं होतं. आमच्याकडून जूलियन सेन, आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरलेला. पहिल्या अर्ध्यात आम्ही एक टचडाउन केला. तिसऱ्या सत्रात टेक्सास आमच्या रेषेच्या एक यार्डावर येऊन उभं राहिलं. चौथा प्रयत्न. एक यार्ड म्हणजे आडवं पडलेल्या माणसाच्या कमरेपर्यंतचं अंतर.

त्या वेळी मठ्ठा वाढला जात होता. वाढणाऱ्या काकूंचा ओगराळ्याचा हात हवेत थांबला. मॅनिंगने चेंडू पोटाशी धरून स्वतःच मुसंडी मारली, दहा-बारा माणसांचा ढीग झाला, आणि त्या ढिगातून पंच एकेकाला उपसून काढेपर्यंत ओगराळ्यातून थेंब थेंब मठ्ठा एका तरुणाच्या जिलबीवर पडत होता. त्याने ताट मागे घेतलं नाही. पंचांनी सांगितलं, नाही पोचला. मग काकूंनी उरलेला मठ्ठाही त्याच जिलबीवर ओतला आणि दोघांनीही ती गोष्ट रीतसर मानली.

शेवट १४-७. आम्ही जिंकलो. पहिल्या नंबरचा संघ पहिल्याच दिवशी पडला, आणि मग सुरू झाला पहिल्या शनिवारचा खरा खेळ, तो म्हणजे मतप्रदर्शन.

खजिनदारांनी जाहीर केलं, मॅनिंग संपला. एकवीस वर्षांचा पोरगा, हंगामातला पहिला सामना, समोर गतविजेत्यांचा बचाव, तरी संपला. घराण्याचं नाव लावून काही होत नाही, असंही ते म्हणाले, आणि पुण्यातल्या दोन गायकांची उदाहरणं दिली. त्यांच्या मते सेन हा मात्र पुढची तीन वर्षं राज्य करणार होता. तेवढ्यात फ्लोरिडातून बातमी आली: आदल्या वर्षी बारापैकी दहा सामने हरलेल्या फ्लोरिडा स्टेटने आठव्या नंबरच्या अलाबामाला ३१-१७ असं लोळवलं. सभागृहाने मिनिटभरात अलाबामाच्या प्रशिक्षकाला नोकरीवरून काढलं, त्याला किती कोटी डॉलर देऊन घालवावं लागेल याचा हिशोब केला आणि फ्लोरिडा स्टेटला प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, पाठवलं. रात्री एलएसयूने क्लेमसनला क्लेमसनच्या घरात १७-१० ने हरवलं. एलएसयूचा प्रशिक्षक हुशार ठरला. सोमवारी बिल बेलिचिक नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने पहिल्यांदा उभे राहिले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकलेला माणूस. त्यांच्या पोरांनी पहिल्याच चढाईत टचडाउन केला, तेव्हा खजिनदारांचा संदेश आला: ‘बघा, अनुभव!’ मग समोरच्या टीसीयूने सलग एक्केचाळीस गुण केले. ४८-१४. खजिनदारांचा पुढचा संदेश: ‘वय झालं.’

मी पहिलं धिरडं तव्याला चिकटलं म्हणून सुनेला माहेरी पाठवणारी सासू आजवर पाहिलेली नाही. पहिलं धिरडं चिकटायचंच. त्याने तवा कळतो. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र पहिल्या धिरड्यावर सगळा संसार जोखला जातो. आणि याला एक कारण आहे. नियमित हंगामात सामने फक्त बारा. क्रिकेटमध्ये पाच दिवस एक सामना चालतो, मत बनवायला वेळ मिळतो. इथे मत शनिवारी संध्याकाळी तयार पाहिजे, कारण पुढच्या शनिवारी नवं लागतं.

बड्या विद्यापीठांनी यावर तोडगा म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत छोटी कॉलेजं बोलवायची रीत पाडली आहे. छोट्या कॉलेजाला पैसे द्यायचे, त्याने येऊन हरायचं, त्या पैशांत त्याचा वर्षाचा खर्च भागायचा. टेक्सासच्या पुढच्याच शनिवारी आम्ही ग्रॅम्ब्लिंग स्टेटला ७०-० ने हरवलं. या व्यवहारात कोणाची तक्रार नसते. फक्त पाहुण्यांनी ठरल्याप्रमाणे वागावं लागतं.

एकदा पाहुणे तसे वागले नव्हते. १ सप्टेंबर २००७. मिशिगन पाचव्या नंबरवर. (शेजारचे आजोबा हे नाव घेत नाहीत. ‘उत्तरेकडची ती टीम’ म्हणतात. गावात ही जुनी पद्धत आहे.) मिशिगनने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या बून गावचं ॲपलाचियन स्टेट बोलावलं, चार लाख डॉलर देऊन. खालच्या श्रेणीतला संघ. त्या श्रेणीतल्या संघाने क्रमवारीतल्या संघाला त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. एक लाखावर प्रेक्षक. ॲपलाचियन स्टेट ३४-३२ ने पुढे असताना शेवटच्या क्षणी मिशिगनने मारलेली किक त्यांनी हात घालून अडवली, आणि संपलं. बूनमध्ये लोकांनी आपल्याच रिकाम्या मैदानातला गोलपोस्ट उपटला आणि मिरवत विद्यापीठाच्या प्रमुखांच्या अंगणात नेऊन टाकला. मिशिगन एका आठवड्यात पाचव्या नंबरवरून यादीच्या बाहेर. ॲपलाचियन स्टेटला मतं देता यावीत म्हणून यादीचा नियमच बदलावा लागला.

ही गोष्ट शेजारचे आजोबा दर वर्षी पहिल्या शनिवारी सांगतात. त्या हंगामाच्या अखेरीस मिशिगनने फ्लोरिडाला हरवून मान वर केली, हे सांगत नाहीत. आणि त्याच हंगामात दोन सामने हरलेल्या एलएसयूने अंतिम सामन्यात कोणाला हरवून अजिंक्यपद नेलं, हे तर आमच्या गावात कोणीच सांगत नाही. मीही सांगणार नाही.

आता २०२५ ची मतं वर्षअखेर तपासून बघू. फ्लोरिडा स्टेट बारापैकी सात सामने हरलं. लोळवलेलं अलाबामा पुढचे आठ सामने सलग जिंकून प्लेऑफमध्ये गेलं आणि प्रशिक्षक जिथल्या तिथे राहिले. एलएसयूच्या हुशार प्रशिक्षकाला ऑक्टोबरमध्ये काढलं. दुसऱ्या नंबरच्या पेन स्टेटनेही आपल्या प्रशिक्षकाला काढलं, त्याच महिन्यात. चौथ्या नंबरच्या क्लेमसनने नियमित हंगामात पाच सामने घालवले. संपलेला मॅनिंग हळूहळू सुधारला आणि ३१ डिसेंबरला त्याने मिशिगनला हरवलं. त्या दिवसापासून खजिनदारांचं म्हणणं आहे की घराण्याचे संस्कार असतातच. बेलिचिकबद्दलचा दुसरा संदेश तेवढा टिकला, पण त्यासाठी पहिला पुसावा लागला.

आणि आम्ही? आम्ही बाराच्या बारा सामने जिंकलो. उत्तरेकडच्यांनाही, सलग चार वर्षं हरल्यानंतर, २७-९ ने हरवलं. त्या दिवशी शेजारच्या आजोबांनी गुरुजींना फोन करून आशीर्वाद मागितला. मग डिसेंबरात इंडियानाने आम्हाला १३-१० ने हरवलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी मायामीने २४-१४ ने घरी पाठवलं. पुढे अंतिम सामना झाला तोही इंडियाना आणि मायामी यांच्यातच.

आता त्या पहिल्या शनिवार-रविवारकडे पुन्हा बघा. शनिवारी इंडियानाने ओल्ड डोमिनियनला २७-१४ ने हरवलं होतं. पराभवांच्या यादीत पिढ्यान्‌पिढ्या वरच्या पायरीवर असलेलं विद्यापीठ, हंगामाआधीच्या क्रमवारीत विसावं. त्यांचा तो सामना आमच्या सभागृहात कोणी लावलासुद्धा नाही. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आदल्या वर्षापर्यंत अटलांटिक गटातल्या त्या पॅसिफिकच्या कॅलमध्ये होता. तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि इंडियाना सोळापैकी सोळा सामने जिंकून इतिहासात पहिल्यांदाच विजेतं झालं. रविवारी रात्री मायामीने नोत्र दामला २७-२४ ने हरवलं, तेव्हा आम्ही विसर्जनाची भांडी घासत होतो. डिसेंबरमध्ये प्लेऑफची शेवटची जागा या दोघांतल्या कोणाला द्यायची हा प्रश्न आला, तेव्हा निवड समितीने ऑगस्टमधला तो तीन गुणांचा फरक काढून समोर ठेवला आणि जागा मायामीला गेली.

म्हणजे पहिल्या शनिवार-रविवारी जे घडतं ते टिकतं. आपण त्यावर जे बोलतो ते टिकत नाही, एवढंच. आम्ही त्या दिवशी देशातल्या प्रत्येक संघावर मत दिलं. ज्या दोघांनी आमचं वर्ष बुडवलं, तेवढे दोनच सुटले. पण याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. सगळं कळायला लागल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात, लोक जपून बोलतात, आकडे बघतात, अमुक हरला तर तमुक वर येईल अशी गणितं मांडतात. कंटाळवाणी होतात. ऑगस्टअखेरीस कोणाला काहीच माहीत नसतं, म्हणून विमा कंपनीतला गुरुजी, निवृत्त पोस्टमन आणि मठ्ठा वाढणाऱ्या काकू सारख्याच अधिकाराने बोलू शकतात. एवढी समता मी मंडळाच्या निवडणुकीतही पाहिलेली नाही.

यंदाचं, २०२६ चं, ठरवायला परवा बैठक झाली. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी लांबली आहे, १४ सप्टेंबर, सोमवार. पहिला शनिवार ५ सप्टेंबरला उरकून जाईल, म्हणून अध्यक्षबाई खुशीत होत्या. चतुर्थीच्या आधी गणपती बसवता येत नाही, पण ‘१२ तारखेला निदान सांस्कृतिक कार्यक्रम तरी करून टाकू,’ असं त्या म्हणाल्या. खजिनदारांनी घसा खाकरला. १२ सप्टेंबरला ओहायो स्टेट ऑस्टिनला जाणार आहे. टेक्सासकडे. परतीचा सामना.

मग १९ ला सगळंच एकत्र करावं असं निघालं. त्या दिवशी सामना कोलंबसमध्येच आहे, पण समोर केंट स्टेट. खजिनदार म्हणाले, केंट स्टेट म्हणजे काही नाही, अर्ध्या तासात निकाल, लोक निवांत येतील. यावर गुरुजींनी फोनवरून नजर वर केली.

“ॲपलाचियन स्टेटबद्दलही असंच म्हणाले होते,” ते म्हणाले.

बैठकीत शांतता पसरली. अखेर तारीख १९ धरावी असं ठरलं. वेळ मात्र ठरेना, कारण किकऑफ किती वाजता हे टीव्हीवाले अनेकदा फार उशिरा जाहीर करतात आणि त्याआधी राहूचंही काही करता येत नाही. निमंत्रणपत्रिका मात्र छापायला द्यायची होती. मसुदा माझ्याकडे होता. त्यात सध्या लिहिलं आहे: ‘मुहूर्त: वाहिनी कळवेल तो.’